लहान इंजिन की मोठे? – एका पिकअपच्या खरेदीचा हिशेब

गेल्या वर्षी पर्युषण पर्वाला आठवडा उरला असताना माझा भाचा दोन माहितीपत्रके घेऊन आमच्या चिंचवडच्या घरी आला. भोसरी औद्योगिक वसाहतीत त्याचा कोरुगेटेड खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. चाकण, तळेगाव आणि तळवडे भागांतील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना तो खोकी पुरवतो. आजवर माल भाड्याच्या गाडीने जात असे. आता स्वतःची पिकअप घ्यावयाची होती. सोबत माझे मेहुणेही होते. पितापुत्रांत आठ दिवस वाद चालला होता आणि दोघेही न्यायनिवाड्यासाठी माझ्याकडे आले होते.

मेहुण्यांचे म्हणणे असे, की सर्वांत लहान इंजिनाची गाडी घ्यावी. कर्ज कमी, हप्ता कमी, डिझेल कमी. भाच्याचे म्हणणे असे, की गाडी वारंवार घेतली जात नाही. एकदाच घ्यायची तर मोठ्या इंजिनाची घ्यावी. उद्या धंदा वाढला तर पुन्हा खर्च नको. "मामा, तुम्ही सारे आयुष्य बँकेत काढलेत. असे किती अर्ज तुमच्या टेबलावरून गेले असतील! तुम्हीच सांगा," असे म्हणून त्याने माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली.

अर्ज पुष्कळ गेले हे खरे. परंतु त्यांपैकी एका अर्जावर याच प्रश्नाचे मी दिलेले उत्तर चुकले होते, आणि ती चूक मी विसरू शकलेलो नाही. म्हणून त्या दिवशी मी निवाडा दिला नाही. दोन महिन्यांची मुदत मागितली. त्या दोन महिन्यांत जे समजले, ते आपल्या समाजातील लहान उद्योजकांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आपल्या परिसराचा जुना प्रश्न

किती ओझ्याला किती शक्ती द्यावी, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडला नवा नाही. अहमदनगरच्या जैन कुटुंबातील स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो या उद्योगाची उभारणी केली आणि पुढे आकुर्डी हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. त्या कंपनीच्या नावातील 'टेम्पो' हा शब्द मराठीत इतका रुळला, की आजही कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी दारात उभी राहिली तरी आपण 'टेम्पो आला' असेच म्हणतो.

पुढे टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियंत्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. तीनचाकी मालवाहू रिक्षा आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये बसेल अशी चारचाकी गाडी त्यांना हवी होती. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरांच्या सुमारे १४०० सीसी डिझेल इंजिनाचा आधार घेऊन त्याच्या निम्म्या आकाराचे, दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० सीसीचे इंजिन तयार केले. त्याची शक्ती होती अवघी १६ अश्वशक्ती. मे २००५ मध्ये बाजारात आलेल्या या 'टाटा एस'ची वाहनक्षमता ७५० किलो होती. लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले. २०१० साली महिंद्रानेही दोन सिलिंडरांची, ९०९ सीसीची 'मॅक्सिमो' आणली. तिचे उत्पादन चाकणला होत असे.

म्हणजे लहान इंजिन हे गरिबीचे लक्षण नव्हे. ते विचारपूर्वक काढलेले उत्तर होते. मात्र ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होते : थोडे ओझे, शहरातील अंतर, बेताचा वेग. प्रश्न बदलला की उत्तरही बदलते. म्हणूनच पुढे त्याच कंपनीने 'इंट्रा' या एकाच नावाखाली ७९८ सीसीची १००० किलो वाहणारी आणि १४९६ सीसीची १३०० किलो वाहणारी अशा दोन निरनिराळ्या गाड्या विकल्या. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे इंजिन तर सुमारे अडीच लिटरचे आहे.

इंजिन काय करते आणि काय करत नाही

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास नाही. म्हणून एका निवृत्त अभियंता मित्राकडे बसून साधे गणित समजून घेतले. मालासह एकूण दोन टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालवण्यास चाकांपाशी सुमारे ५ अश्वशक्ती पुरते. तीच गाडी त्याच वेगाने, वीस फुटांना एक फूट अशा चढावर न्यायची तर सुमारे १८ अश्वशक्ती लागते. आणि एकूण वजन तीन टन झाले तर त्याच चढाला सुमारे २७. यात गिअर व अन्य भागांत वाया जाणारी शक्ती धरलेली नाही.

हे आकडे पाहून माझा एक समज दूर झाला. भोसरी ते चाकण या रस्त्यावर, त्यातही तळेगाव चौकाच्या कोंडीत उभ्या असलेल्या गाडीला मोठ्या इंजिनाचा काहीच उपयोग नाही. तेथे ते केवळ जास्त डिझेल पिते. शिवाय धुरातील काजळी अडवणारी गाळणी ज्या नव्या डिझेल गाड्यांत असते, तिला स्वतःला साफ करण्यासाठी काही काळ सलग चालावे लागते. सतत थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत ती तुंबते. याउलट घाटात, भरल्या गाडीने, लहान इंजिन पूर्ण ताकदीने राबत राहते. तापते, झिजते आणि पाठीमागच्या रांगेचा रोष ओढवून घेते.

याहून महत्त्वाची गोष्ट मित्राने शेवटी सांगितली. गाडीने किती ओझे वाहावे, हे इंजिन ठरवत नाही. ते आस, पाटे, टायर आणि ब्रेक ठरवतात. इंजिन ओढून नेईल इतके ओझे ब्रेक थांबवू शकतीलच असे नाही. नोंदणी पुस्तिकेत गाडीचे एकूण मान्य वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच त्या गाडीची मर्यादा. मागाहून बंदिस्त पेटी बसवली तर तिचे वजन या मर्यादेतूनच वजा होते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही.

जो भागाकार मी केला नाही

आता त्या अर्जाविषयी. सुमारे अठरा वर्षांपूर्वी मी एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. एक तरुण चालक स्वतःची गाडी घेण्यासाठी आला. शिरवळकडच्या एका ओतशाळेतून ओतीव सुटे भाग भोसरीच्या यंत्रशाळांना पोहोचवण्याचे काम त्याला मिळाले होते. अर्जासोबत दोन कोटेशने होती. एक लहान गाडीचे, एक मोठ्या गाडीचे. मोठ्या गाडीचा हप्ता त्याला झेपणार नाही, असे माझे मत झाले. लहान गाडी घेण्याचा सल्ला मी दिला, शिफारस लिहिली आणि कर्ज मंजूर झाले. एका गरजू माणसाला जास्त कर्जापासून वाचवले, याचे मला समाधानही वाटले.

त्याने अर्जात महिन्याचे अपेक्षित उत्पन्न टनांच्या हिशेबाने लिहिले होते : इतके टन, दर टनाला इतके भाडे. फेऱ्यांची संख्याही तेथेच लिहिलेली होती. टनांना फेऱ्यांनी भागले असते, तर एका फेरीत दीड टनाहून अधिक माल, हे उत्तर आले असते. आणि मी सुचवलेल्या गाडीची क्षमता त्याच्या निम्मी होती. दोन्ही आकडे माझ्यासमोर होते. मी हप्ता आणि उत्पन्न यांचे प्रमाण काढले. हा एक भागाकार केला नाही.

आठ महिने हप्ते वेळेवर आले. नवव्या महिन्यात शिरवळहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापुढील उतारावर गाडीचे ब्रेक निकामी झाले. गाडी कठड्यावर जाऊन आदळली. चालक वाचला. मालावर बसलेल्या हमालाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. वजनकाट्याची पावती सापडली, तीवर एक टन सहाशे किलो अशी नोंद होती.

वसुलीसाठी मीच त्या चालकाच्या घरी गेलो होतो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, गाडीच्या मापाने भरले तर हप्ता निघतच नव्हता." कर्ज थकीत झाले, गाडी लिलावात गेली. माझ्या शिफारशीवर लेखापरीक्षणात एकही शेरा आला नाही. कागद नियमानुसार निर्दोष होते. त्या हमालाचे नावही फाइलमध्ये कोठे नव्हते.

अतिभार

त्या वर्षीचे संवत्सरी प्रतिक्रमण मला आजही आठवते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण सारे जाणतो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणापासून ते म्हणत आलो होतो. अतिभार म्हणजे बैलावर, घोड्यावर, हमालाच्या पाठीवर झेपणार नाही इतके ओझे लादणे. आपल्या घरी ना बैल, ना घोडा; तेव्हा हा अतिचार आपल्याला लागू नाही, असा माझा समज होता. त्या दिवशी तो शब्द उच्चारताना माझा आवाज अडखळला. ओझे मी स्वतः लादले नव्हते, हे खरे. पण ते लादल्यावाचून चालणार नाही अशी व्यवस्था माझ्या सहीने उभी राहिली होती.

आपल्या शास्त्रकारांनी वाहनाच्या व्यवसायाकडे किती बारकाईने पाहिले आहे! श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्या बनवण्याचा व भाड्याने वाहण्याचा धंदा, यांचा समावेश आहे. आजच्या काळात समाजातील अनेक कुटुंबे प्रामाणिकपणे याच व्यवसायात आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या निषेधामागे वाहून नेणाऱ्या जिवांविषयीची करुणा आहे, हे विसरू नये. उपासकदशांगातील आनंद श्रावक मोठा धनाढ्य होता. त्यानेही भगवान महावीरांसमोर व्रत घेताना प्रवासाच्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या पाचशे गाड्या, अशी संख्या ठरवून घेतली. आकडा लहान नाही. पण तो ठरलेला आहे, त्याला सीमा आहे. परिमाण म्हणतात ते हेच.

साठ दिवसांची वही

म्हणून भाच्याला मी सांगितले, "माहितीपत्रके बाजूला ठेव. दोन महिने भाड्याची गाडीच चालू दे. फक्त प्रत्येक फेरीची नोंद कर. काय माल, किती वजन, कोणता रस्ता, किती किलोमीटर आणि परतताना गाडी रिकामी की भरलेली." खोक्यांचे वजन कशाला करायचे, असे त्याला वाटले. तरीही त्याने वही केली.

वहीतून निघाले ते असे. दोन महिन्यांत गाडी ५२ दिवस लागली. त्यांतील ४७ दिवस माल ५०० किलोंच्या आत होता. कोरुगेटेड खोकी जागा खातात, वजन भरत नाहीत. हौदा शिगोशीग भरून वर ताडपत्री बांधली, तरी काट्यावर ४०० किलोही होत नसत. ३ दिवस वजन ७०० ते ९५० किलोंच्या दरम्यान होते. उरलेले २ दिवस मात्र भिवंडीच्या गोदामातून क्राफ्ट कागदाची रिळे तातडीने आणावी लागली होती. प्रत्येक वेळी सुमारे दीड टन, आणि तेही भोरघाट चढून.

मग पैशांचे गणित मांडले. दोन गाड्यांच्या कर्जात दोन लाखांचा फरक पडत होता. दहा टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली, तर दोन लाखांचा हप्ता महिना सुमारे ४,२५० रुपये होतो. महिन्याची धाव १,५०० किलोमीटर. लहान गाडी लिटरला १७ आणि मोठी १३ किलोमीटर देईल, असे धरले. डिझेल ९० रुपये मानून महिन्याला सुमारे २,४५० रुपयांचा फरक आला. एकूण ६,७०० रुपये. दुसऱ्या बाजूस महिन्यातून एकदा भिवंडीसाठी मोठी गाडी भाड्याने घ्यावी लागली, तर त्याला ६,००० रुपये पडत होते. त्यातून स्वतःच्या गाडीने गेल्यास होणारा डिझेल व टोलचा सुमारे २,५०० रुपयांचा खर्च वजा केला, तर जादा भार ३,५०० रुपयांचा. म्हणजे लहान इंजिन आणि प्रसंगी भाड्याची गाडी, हा मार्ग महिन्याला सुमारे ३,२०० रुपयांनी स्वस्त होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लहान इंजिन घेतल्याने तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही कमी होईल, असे मेहुण्यांना वाटत होते. खासगी मोटारीच्या बाबतीत तो सीसीवर ठरतो. मालवाहू गाडीच्या बाबतीत एकूण वजनावर ठरतो आणि साडेसात टनांपर्यंतच्या गाड्या एकाच गटात येतात. परवान्याचेही तसेच. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची अट कायद्याने लावलेली नाही. त्यामुळे इंजिन किती सीसीचे यापेक्षा एकूण वजनाचा आकडा तपासणे अधिक गरजेचे.

मोठे इंजिन कोणाला हवे?

या हिशेबावरून लहानच इंजिन नेहमी शहाणपणाचे, असे कोणी समजू नये. माझ्या त्या जुन्या अर्जदाराला मोठीच गाडी हवी होती. ज्याचा माल ओतीव वा लोखंडी आहे, ज्याची फेरी नेहमी टनाच्या पुढे जाते, ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा खंबाटकी, भोर किंवा माळशेज घाट ओलांडायचा आहे, त्याने लहान गाडी घेणे म्हणजे काटकसर नव्हे. हप्त्यात वाचलेला पैसा तो क्लच, टायर आणि ब्रेकमध्ये घालवतो, किंवा एखाद्याच्या आयुष्यात. मोठ्या गाडीचा हप्ता त्याच्या खऱ्या, मर्यादेतल्या मालाच्या भाड्यातून निघत नसेल, तर तो धंदा त्या दराने होण्यासारखा नाही, असे बँकेने आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे. मी सांगितले नव्हते.

तसेच मोठ्या इंजिनाने जास्त ओझे लादण्याची मुभा मिळते, हाही भ्रमच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराबद्दल २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते. नवउद्योजकांना मुद्रा योजनेतून आता वाहनासाठी कर्ज सहज मिळू शकते. कर्ज मिळते म्हणून गाडी मोठी घ्यावी, हे जसे बरे नव्हे, तसेच हप्ता लहान दिसतो म्हणून गाडी लहान घ्यावी, हेही नव्हे. आधी महिन्याच्या टनांना फेऱ्यांनी भागावे. येईल तो आकडा घेऊन मगच विक्रेत्याच्या दालनात पाऊल ठेवावे.

नाही म्हणण्याचा अधिकार

दिवाळीच्या पाडव्याला भाच्याची गाडी आली. लहान इंजिनाची, लांब हौद्याची. त्याच्या मनात थोडी खंत होती, हे चेहऱ्यावरून दिसत होते. पूजन झाल्यावर मी त्याला एकच विनंती केली. लहान गाडी घेणाऱ्यासमोर मोह मोठा असतो. माल हाताशी असतो, गाडी दारात असते, आणि भाड्याच्या गाडीला पैसे मोजावे लागतात. म्हणून मर्यादेबाहेरचा माल नाकारण्याचा अधिकार चालकाला द्यावा, आणि तो मालकाच्या शब्दाहून वरचा मानावा. भाच्याने चालकाला बोलावून माझ्यासमोर तसे सांगितले.

जानेवारीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. चाकणच्या एका गिऱ्हाइकाकडे खोकी उतरवल्यावर त्यांनी परतीच्या फेरीत भोसरीला काही धातूचे भाग न्यायला सांगितले होते. भाडेही चांगले देत होते. वजन निघाले एक टन चारशे किलो. चालकाने नाही म्हटले. त्यांच्या अधिकाऱ्याने थेट भाच्याला फोन लावून चार शब्द सुनावले.

"मामा, गिऱ्हाईक नाराज झाले आहे. पुढच्या महिन्याची मागणी कमी करू म्हणतात," तो म्हणाला. थोडे थांबून पुढे म्हणाला, "मी चालकाला काही बोललो नाही. गाडी रिकामी परत आणायला सांगितली."

त्या महिन्यात मागणी खरोखरच कमी झाली. भाच्याने तो तोटा वहीत लिहून ठेवला आहे. मी ती नोंद पाहिली. रकमेपुढे त्याने कारण म्हणून एकच शब्द लिहिला आहे : अतिभार.